तीन फुटांच्या खाऱ्या टाकीत कोणते मासे ठेवावेत?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आहे. आठ वर्षं गोड्या पाण्याचे मासे ठेवल्यावर आता त्या खाऱ्या पाण्याकडे वळल्या आहेत. वाळू, दगड आणि मिठाचं पाणी भरून सहा आठवडे झालेत, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतंय. दुकानदाराने त्यांना कागदावर यादी लिहून दिली आहे: दोन क्लाऊन, एक ब्लू टँग, तीन डॉमिनो डॅमसेल, एक मँडरिन, एक लायनफिश, आणि पुढे जागा उरली तर एक एम्परर एंजल. नऊ वर्षांच्या मुलीला क्लाऊन आणि ब्लू टँग हे दोन तरी हवेतच. यातले कोणते घ्यावेत आणि कोणते सोडावेत, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, यादीतले दोन क्लाऊन ठेवा आणि बाकी सगळी नावं खोडून टाका. हे ऐकून तुमची मुलगी हिरमुसेल याची मला कल्पना आहे, म्हणून कारणं नीट सांगतो. या टाकीत शोभतील, जगतील आणि तिला रोज बघावेसे वाटतील असे मासे कोणते, तेही पुढे सांगतो.

तुमच्या टाकीत काठोकाठ भरलं तर १९० लीटर पाणी मावतं. दगड आणि वाळूची जागा वजा केली की हातात उरतं दीडशेच्या आसपास. हा आकडा डोक्यात ठेवून ती यादी पुन्हा वाचा. ब्लू टँग दुकानात दोन इंचांचा दिसतो, कारण तो लहान मूल आहे. पूर्ण वाढीचा ब्लू टँग फूटभर लांब होतो, आणि तो एका जागी बसणारा मासा नाही, दिवसभर पोहणारा आहे. तुमच्या टाकीत तो तीन वेळा शेपूट हलवेल आणि काचेला पोचेल. सहा फुटांच्या टाकीखाली त्याचा विचारच करू नये असं माझं मत आहे. दुकानदार म्हणेल, "मोठा झाला की परत आणून द्या." मी १७ वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतोय, आधी घरी आणि मग लोकांच्या घरी आणि दवाखान्यांत. या काळात परत दिलेले मासे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत. बाकीचे तिथेच खुरटतात, घाबरट होतात, अंगावर पांढरे ठिपके येतात आणि एक दिवस जातात.

एम्परर एंजलची गोष्ट तीच, फक्त आणखी मोठी. पिल्लू गडद निळं, अंगावर पांढऱ्या वर्तुळांची नक्षी, बघतच राहावं असं. मोठेपणी तो पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा होतो आणि दीड फुटाच्या जवळ जातो. एकच मासा दोन वेगळ्या जातींचा वाटावा इतका फरक असतो. दुकानात मोहात पाडणारी अशी आणखी दोन पिल्लं तुम्हाला भेटतील: नाचत पोहणारं ठिपकेदार स्वीटलिप्स आणि लांब परांचं बॅटफिश. दोन्ही वर्षा-दोन वर्षांत ताटाएवढी होतात. खाऱ्या पाण्यातलं दुकान म्हणजे बालवाडी आहे असं समजून आत शिरा आणि प्रत्येक माशाकडे बघताना त्याचा मोठेपणीचा आकार विचारा.

डॉमिनो डॅमसेल काळा, पाठीवर-कपाळावर तीन पांढरे ठिपके, स्वस्त आणि कसाही जगणारा. तो याच कारणासाठी विकला जातो. पूर्वी नव्या टाकीची सायकल करायला, म्हणजे माशांच्या मळातला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला, डॅमसेल सोडायची पद्धत होती, तीच सवय अजून चालू आहे. तुमची सायकल झालेली आहे, त्यामुळे ती गरजच संपली. डॉमिनो पाच इंचांपर्यंत वाढतो, काळा रंग राखाडी होत जातो आणि टाकीचा अर्धा भाग तो स्वतःचा मानतो. तिघांतला एक उरलेल्या दोघांना मारतो, मग क्लाऊनच्या मागे लागतो. दगडांच्या टाकीतून डॅमसेल पकडायचा म्हणजे सगळे दगड बाहेर काढावे लागतात. हे मी स्वतः चार-पाच घरांत केलं आहे, प्रत्येक वेळी अख्खा रविवार गेला.

लायनफिश गरीब स्वभावाचा आहे, कुणाशी भांडत नाही. पण तोंडात मावेल ते सगळं त्याचं अन्न, आणि त्याचं तोंड वाटतं त्याहून बरंच मोठं उघडतं. रात्री क्लाऊन दोन होते, सकाळी एक आहे, असा प्रकार होतो. शिवाय त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. टाकी साफ करताना काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. नऊ वर्षांचं मूल टाकीत हात घालतं तिथे हा मासा नको.

मँडरिनवर मला थोडं थांबायचं आहे, कारण त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. निळ्या-नारिंगी नक्षीचा, बेडकासारख्या डोळ्यांचा हा छोटासा मासा. २००९ साली मी एक आणला. टाकी चार महिन्यांची होती. तो दिवसभर दगडांवर टोचत फिरायचा, मी समजायचो की खातोय. सहाव्या आठवड्यात त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजू आत गेल्या, डोक्यामागे खड्डा दिसायला लागला. मी कोळंबी बारीक करून दिली, आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे दिले, तो बघायचासुद्धा नाही. तो कोपेपॉड खातो. दगडांच्या भेगांत राहणारे हे टाचणीच्या टोकाएवढे जीव तो दिवसाला शेकड्यांनी टिपतो. माझ्या दगडांवरचे त्याने महिनाभरात संपवले होते आणि पुढचा सगळा वेळ तो रिकाम्या दगडांवर शोधत होता. एक मासा माझ्या डोळ्यांसमोर, भरल्या टाकीत, उपाशी मेला. त्यानंतर मी प्रत्येक माशाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो: हा खातो काय, आणि ते मला रोज देता येणार आहे का?

हा प्रश्न लावला की दुकानातल्या कितीतरी काचा आपोआप गळतात. बटरफ्लायफिशमधले बरेचसे फक्त जिवंत प्रवाळांचे कोंब खातात, ते घरात जगत नाहीत. मूरिश आयडॉल समुद्रात मुख्यतः स्पंज कुरतडतो, त्याला दुसऱ्या अन्नावर टिकवणं जुन्या जाणत्यांनाही क्वचित जमतं. क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे खातो, सात माशांच्या टाकीत त्याचं पोट कसं भरणार? अँथियस तर दिवसातून चार-पाच वेळा खायला मागतो, आणि नोकरी करणाऱ्या घरात ते होत नाही. मग उरतात ते मासे, जे आपल्या फ्रीजरमधलं खातात.

आता गोड्या पाण्यातून येणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट. तुम्ही आठ वर्षं जे गप्पी, एंजल, गुरामी सांभाळले, ते जवळजवळ सगळे तलावात किंवा शेडमध्ये जन्मलेले, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचं खाल्लेले. खाऱ्या पाण्यात उलट आहे. दुकानातला बहुतेक मासा काही दिवसांपूर्वी प्रवाळांच्या भिंतीजवळ पोहत होता. त्याला जाळ्यात धरलं, काही देशांत तर सायनाइड फवारून गुंगवून धरतात, मग पिशव्या, विमान, गोदाम, पुन्हा पिशवी. पेलेट, म्हणजे दाणेदार खाद्य, काय असतं हे त्याला माहीत नाही. म्हणून एखादी जात पैदास केलेली मिळत असेल तर मी जास्त पैसे देऊन तीच घेतो आणि इतरांनाही तेच सांगतो. समुद्रावरचा भार कमी होतो हे आहेच, पण आपल्या घरात त्या माशाची पहिली रात्रसुद्धा वेगळी जाते. तो घाबरून दगडामागे लपत नाही, खायला काचेजवळ येतो.

मग सगळेच मासे पैदास करून का विकत नाहीत? कारण समुद्रातल्या बहुतेक माशांची अंडी पाण्यात तरंगत जातात आणि त्यांतून निघणारी पिल्लं इतकी सूक्ष्म असतात की त्यांच्या तोंडात मावेल असं खाद्य तयार करणंच अवघड. ब्लू टँगची पैदास पहिल्यांदा यशस्वी झाली २०१६ साली, फ्लोरिडात. क्लाऊनचं तसं नाही. तो सपाट दगडावर अंडी घालतो, नर त्यांना पराने वारा घालत राखतो, आठवडाभरात रात्रीच्या अंधारात पिल्लं फुटतात आणि ती रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खाण्याइतकी मोठी असतात. आपल्या देशातही हे काम चांगलं झालंय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपमच्या केंद्रांनी क्लाऊन आणि डॅमसेलच्या अनेक जातींची पैदास बसवली. तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं सागरी केंद्र आहे, तिथेही झाली. आणि तुमच्या घराजवळ, खाडीपलीकडे ऐरोलीत, कांदळवन प्रतिष्ठानने क्लाऊनच्या पैदाशीचं काम उभं केलं आहे. मुलीला याबद्दल जरूर सांगा, तिला ऐकायला आवडेल.

तर पहिले मासे: दोन ऑसेलॅरिस क्लाऊन. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे, दुकानात ज्याला सरसकट निमो म्हणतात तो. नाव नीट विचारून घ्या, कारण क्लाऊन म्हणून सेबे आणि मरूनही हातात देतात. सेबे मन्नारच्या आखातात सापडतो, काळपट असतो आणि सहा इंचांवर जातो. मरून सुंदर असतो, पण मादी मोठी झाली की टाकीत दुसरं कुणी सहन करत नाही. ऑसेलॅरिस तीन-साडेतीन इंचांत थांबतो आणि नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. म्हणजे तुमची मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही तो असू शकतो.

दोन घेताना एक मुद्दाम मोठा आणि एक मुद्दाम लहान निवडा. सगळे क्लाऊन आधी नर म्हणून वाढतात. गटातला सर्वांत मोठा मादी होतो, दुसरा तिचा नर, बाकीचे तसेच लहान राहतात. मादी गेली तर नराचंच रूपांतर मादीत होतं आणि खालचा एक वर चढतो. सारख्या आकाराचे दोन घेतले तर कोण मोठं हे ठरवायला आठवडे मारामारी चालते. पाच-सहांचा थवा लहानपणी छान दिसतो, वर्षभरात दोनच उरतात. दोघांत लहानगा मोठ्यासमोर थरथरताना दिसला तर घाबरू नका, तो मान तुकवतोय. आणि त्यांच्यासाठी ॲनिमोन, म्हणजे समुद्रात क्लाऊन ज्याच्या आडोशाला राहतो तो जीव, आणू नका. पैदास केलेल्या क्लाऊनला त्याची गरज नसते. ॲनिमोनला मात्र जोरदार दिवा आणि जुनी, स्थिरावलेली टाकी लागते. सहा आठवड्यांच्या टाकीत तो कुजतो आणि पाणी एका रात्रीत खराब करतो.

दुसरी जोडी पायजमा कार्डिनलची घ्या. पुढे पिवळसर डोकं, मध्ये काळा पट्टा, मागे लाल ठिपके, जणू तीन माशांचे तुकडे जोडलेत. शांत, तीन इंचांचा, मिळेल ते खाणारा. बंगाई कार्डिनल दिसायला त्याहून देखणा, पण तो फक्त इंडोनेशियातल्या बंगाई बेटांच्या आसपास राहतो आणि पकडण्यामुळे तिथे त्याची संख्या फार घटली. पैदास केलेला असल्याची खात्री झाली तरच तो घ्या. दोन्ही जातींत नर अंडी तोंडात धरून उबवतो. एखादा कार्डिनल गाल फुगवून काही दिवस खायचं नाकारतोय असं दिसलं, तर औषध टाकायच्या आधी त्याच्या तोंडात बघा.

तिसरा मासा मी तुमच्या मुलीसाठीच सुचवतोय. पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी. ही कोळंबी वाळूत बीळ खणते, दिवसभर बुलडोझरसारखी वाळू बाहेर लोटत असते, पण तिला जवळजवळ दिसत नाही. गोबीला खणता येत नाही, पण त्याची नजर तीक्ष्ण. मग तो बिळाच्या तोंडाशी राखण करत बसतो, कोळंबी एक मिशी त्याच्या अंगाला लावून काम करते आणि धोका दिसला की गोबी शेपूट झटकतो, दोघं आत. एकमेकांशी ओळख नसलेले गोबी आणि कोळंबी टाकीत सोडले तरी ते सहसा एकमेकांना शोधून काढतात. माझ्याकडे आलेली मुलं रंगीत माशांपुढे पाच मिनिटं थांबतात आणि या बिळापुढे अर्धा तास. फक्त दगड वाळूवर ठेवलेले असतील तर आधी ते खाली काचेवर टेकवा, नाहीतर कोळंबी खालून पोखरते आणि दगड घसरतो.

फायरफिश एकच घ्या. पांढरं अंग शेपटीकडे लाल होत जातं आणि पाठीवर उभा पिसासारखा पर. भित्रा आहे, दचकला की उडी मारतो आणि फटीतून बाहेर पडतो. माझा पहिला फायरफिश मला सोफ्यामागे मिळाला, वाळलेला. तेव्हापासून मी जाळीच्या झाकणाशिवाय तो कुणाला देत नाही. काच नको, जाळीच बरी, पाण्याला हवा मिळते.

मुलीला निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा मासा हवा आहे ना? यलोटेल डॅमसेल बघा. अडीच इंचांचा, झगझगीत निळा, शेपूट पिवळी. डॅमसेलांत हा त्यातल्या त्यात सौम्य आहे. ब्लू टँग नाही हे तिला खरं सांगा, पण हा पण तिच्या आवडीच्याच रंगांत आहे. एकच घ्यायचा आणि सर्वांत शेवटी सोडायचा. त्याच्याऐवजी जांभळा ऑर्किड डॉटीबॅकही चालेल. दोघं एकत्र मात्र नकोत.

हे झाले सात मासे. तीन फुटांत मी इथे थांबतो. सहा-आठ महिन्यांनी काचेवर हिरवा थर धरायला लागला तर एक लॉनमोवर ब्लेनी आणू शकाल. तो शेवाळ खरवडून खातो, म्हणून नव्या स्वच्छ टाकीत तो उपाशी राहतो.

सोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जो आधी येतो तो जागा धरतो. भित्रे आधी, दांडगे नंतर. आधी गोबी आणि कोळंबी, मग फायरफिश, मग कार्डिनलची जोडी, मग क्लाऊन, शेवटी डॅमसेल. मुलगी क्लाऊनसाठी दोन महिने थांबणार नसेल तर क्लाऊन कार्डिनलच्या आधी सोडले तरी चालतील, लहान ऑसेलॅरिस फारसा त्रास देत नाही. दोन सोडण्यांत निदान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. तुमचे जिवाणू आत्ता शून्य माशांच्या मळाला पुरे पडतायत, प्रत्येक नव्या माशागणिक त्यांना वाढायला वेळ लागतो. दर वेळी तीन-चार दिवस अमोनिया तपासा.

आता दुकानात मासा कसा बघायचा. आवडला म्हणून लगेच पिशवीत घेऊ नका. आधी विचारा, येऊन किती दिवस झाले. दोन दिवस म्हणाले तर आगाऊ पैसे देऊन आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा. पकडणीचा आणि प्रवासाचा मार साधारण त्या आठवड्यात दिसतो. मग जाऊन समोर खायला घालायला सांगा. जो मासा तुमच्यासमोर खात नाही तो घेऊ नका, कितीही गोड बोलले तरी. बाजूने बघा, पोट आत गेलंय का, डोक्यामागचं मांस खचलंय का. कल्ल्यांची हालचाल मोजा, शेजारच्या काचेतल्या त्याच जातीच्या माशापेक्षा फारच जलद असेल तर आत काहीतरी चाललंय. अंग दगडाला घासतोय, डोळ्यावर धूसर पडदा आहे, पर मिटून कोपऱ्यात उभा आहे, तर निघून या. आणि त्याच काचेत एखादा मेलेला मासा दिसला तर त्या काचेतला दुसरा कुणीही नको, सगळ्यांचं पाणी एकच असतं.

एक बारकावा जो मी फार उशिरा शिकलो. बऱ्याच दुकानांत पाणी कमी खारट ठेवतात. मीठ वाचतं आणि किडेही दबून राहतात. तुमच्या टाकीत विशिष्ट गुरुत्व १.०२५ असेल आणि दुकानात १.०१९. गोड्या पाण्याचा मासा पाणी पीत नाही, समुद्राचा मासा सतत पीत असतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खारटपणा कमी झाला तर त्याला सोपं जातं, पण अचानक वाढला तर त्याच्या शरीराला झेपत नाही. मासा त्या दिवशी ठीक दिसतो आणि तीन-चार दिवसांनी कारण न कळता जातो. म्हणून पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने, मोजा, वेगळ्या टाकीत तेवढाच खारटपणा ठेवून मासा सोडा आणि रोज थोडा थोडा, दिवसाला ०.००१ किंवा ०.००२ असा वाढवा. लांबून आलेली पिशवी असेल तर तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लाकडे झुकतं आणि त्यामुळे आतला अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, सामू (पीएच) वाढतो आणि तोच अमोनिया विष होतो. तापमान जुळवायचं, खारटपणा जुळवायचा, आणि मासा लवकर हलवायचा.

वेगळी टाकी म्हटलं की लोक नाक मुरडतात, मी समजू शकतो. पण ४० लीटरची साधी काच, एक स्पंज फिल्टर, एक हीटर आणि पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे लपायला, बस. वाळू नको, दगड नको. स्पंज मोठ्या टाकीत चार आठवडे आधीच टाकून ठेवा, म्हणजे त्यावर जिवाणू बसतील. प्रत्येक नवा मासा तिथे निदान चार आठवडे. २०१२ साली मी एक पावडर ब्लू टँग रविवारी आणला आणि तसाच मोठ्या टाकीत सोडला. बारा दिवसांत सात माशांतले पाच गेले. पांढऱ्या ठिपक्यांचा किडा माशाच्या अंगावरून पडतो, वाळूत कोष करतो, फुटतो आणि पुन्हा माशावर चढतो. त्यावरचं तांब्याचं औषध कोळंबी आणि इतर जीवांना मारतं, म्हणून मोठ्या टाकीत ते टाकता येत नाही. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी दहा-अकरा आठवडे माशांविना ठेवावी लागते, तेव्हा तो किडा उपाशी मरतो. मी ते केलं. अडीच महिने रिकाम्या पाण्यात दिवा लावत होतो.

खाण्याचं सांगतो. मासळी बाजारातून ताजी कोळंबी, माकूल, थोड्या तिसऱ्या आणा. स्वच्छ धुवा, बारीक चिरा, पातळ पिशवीत पसरून काही दिवस गोठवा आणि रोज नखाएवढा तुकडा मोडून घ्या. सुका जवळा देऊ नका, त्यात सत्त्व फार उरत नाही आणि पाणी खराब होतं. सोबत चांगल्या प्रतीचे बारीक पेलेट. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. क्लाऊन नेहमी भुकेले दिसतील, त्यांचं ऐकू नका. गोबीसाठी एक तुकडा बिळाजवळ वेगळा टाका, कारण वरचे मासे त्याच्यापर्यंत काही पोचू देत नाहीत.

ठाण्यात राहता म्हणून उकाड्याचं बोलायला हवं. एप्रिल-मेमध्ये घरातली टाकी सहज ३१-३२ अंशांवर जाते. खारं पाणी मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू धरतं आणि गरम झालं की आणखी कमी. पृष्ठभागावर पंखा लावून पुण्यात दोन-तीन अंश उतरतात, ठाण्याच्या दमट हवेत तेवढे उतरत नाहीत. तुमच्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, हा चैनीचा भाग नाही, मी सुचवलेल्या माशांना २६-२७ वर ठेवायला तो लागेल. पंख्याने किंवा उकाड्याने पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणून भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची, तीही आरओच्या. स्वयंपाकघरातल्या आरओत खनिजं पुन्हा मिसळणारा स्क्रू असतो, त्याआधीच्या नळीतून पाणी घ्या किंवा तो बंद करून घ्या. पावसाळ्यात वीज जाते, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आत्ताच आणून ठेवा. समुद्राचं पाणी आणायचा मोह होईल, पण मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याचं नको. सांडपाणी आहेच, आणि पावसाळ्यात ते इतकं पातळ होतं की त्याचा भरवसा उरत नाही.

कायद्याबद्दल एवढंच, पण लक्षात ठेवा. समुद्रघोडा, पाइपफिश, कठीण प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रकाकडी यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दुकानात कुणी "मागच्या खोलीत आहे, दाखवू का" म्हणालं तर नको म्हणा. जिवंत दगड म्हणून रामेश्वरमच्या बाजूचा जो माल विकतात तो बहुधा तोडलेला प्रवाळच असतो. तुमचे दगड कुठले आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. कृत्रिम किंवा सिरॅमिकचे असतील तर उत्तम, बाटलीतल्या जिवाणूंनी तेही तितकंच काम करतात.

मुलीला खरा थवा, खरे बटरफ्लाय, खरे मोठे एंजल बघायचे असतील तर दिवाळीनंतर पाणी निवळलं की मालवणला न्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत, १९८७ साली अभयारण्य जाहीर झालेल्या त्या पट्ट्यात, मुखवटा लावून नुसतं पालथं तरंगलं तरी पट्टेरी सार्जंट मासे नाकासमोर येतात. जे आपल्या टाकीत मावत नाही ते तिथे बघायचं, असं मी माझ्या मुलाला सांगितलं होतं आणि त्याने ब्लू टँग पुन्हा मागितला नाही.

या आठवड्यात काहीच विकत घेऊ नका. स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत टाका, जाळीचं झाकण बनवून घ्या आणि रिफ्रॅक्टोमीटर हजारी ३५ भाग खारटपणाच्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणजे वरही बरोबरच दाखवतो असं नसतं. महिन्याभराने गोबीपासून सुरुवात करा. तोपर्यंत नायट्रेट किती येतोय तेही कळवा, तो आकडा तुमच्या प्रश्नात नव्हता. वीसच्या वर असेल तर पहिला मासा आणण्याआधी निम्मं पाणी बदलावं लागेल.